सातपुड्याच्या पायाशी, मुरमावरून

हिवाळा लागला की पुण्या-नागपूरकडच्या सायकलवाल्या मंडळींचे मला फोन सुरू होतात. भाच्यानं कुणाला तरी माझा नंबर दिला आणि तो पसरत गेला. प्रश्न ठरलेला असतो. "काका, अंबाबरव्याच्या जंगलातून सायकल नेता येईल का? तिथं म्हणे गाड्याच नसतात." माझंही उत्तर ठरलेलं आहे. नाही नेता येणार, आणि आली तरी नेऊ नये. पण सोनाळ्याला या. गाड्या नसलेला रस्ता तुम्हाला जंगलाच्या अलीकडेच मिळेल.

सोनाळा म्हणजे बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातलं, सातपुड्याला टेकलेलं गाव. बाहेर ते संत सोनाजी महाराजांच्या मंदिरामुळे माहीत आहे. शेगावला रेल्वेनं उतरायचं, वरवट बकाल, संग्रामपूर करत उत्तरेला यायचं. डोंगराची निळी भिंत वाटभर समोर असते आणि ती जवळ आली की सोनाळा येतं. माझी नोकरी भूजल सर्वेक्षणातली. ठरवून दिलेल्या निरीक्षण विहिरींवर वर्षातून चारदा जायचं, कठड्यावरच्या खुणेपासून टेप सोडायची, पाणी किती खोल गेलं ते वहीत लिहायचं. विहिरी काही डांबरी रस्त्याच्या कडेला नसतात. त्या वावरात असतात, आणि वावरात जायला पांदण लागते. जीप पांदणीच्या तोंडाशी थांबायची. पुढं मी सायकलीनं नाहीतर पायी. निवृत्त झालो तेव्हा टेप सुटली, सायकल राहिली.

आधी जंगलात का नाही, ते सांगतो. अंबाबरवा अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १२७ चौरस किलोमीटर. त्याच वर्षी शेजारचं वान आणि अकोला जिल्ह्यातलं नरनाळा ही अभयारण्यंही झाली. ही तिन्ही मिळून मेळघाट व्याघ्र प्रकल्पाची दक्षिण-पश्चिम बाजू होते. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प योजना आली तेव्हापासूनचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात शिरायला परवानगी लागते आणि ती कोणत्या कामांसाठी मिळते हेही कायद्यात लिहिलेलं आहे. पर्यटनाला परवानगी आहे, पण ती ठरल्या फाटकातून, ठरल्या वाहनातून, वाटाड्यासोबत. सायकलवर बसलेला माणूस वाघाच्या नजरेला जीपसारखा दिसत नाही. तो बुटका असतो, आवाज करत नाही, आणि घाबरला की पळतो. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव उद्यानात लोक भाड्याची सायकल घेऊन पक्षी बघत हिंडतात. तिथं ते चालतं, कारण तिथलं वैभव पाणथळीचं आणि पाखरांचं आहे. इथं अस्वल आहे, बिबट्या आहे, वाघ आहे.

आणि वाघ काही अभयारण्याचा नकाशा बघून चालत नाही. यवतमाळच्या टिपेश्वरमधला रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन पोचला. वाकडीतिकडी वाट धरून तो सुमारे १,३०० किलोमीटर चालला होता. वाटेत शेतं होती, नाले होते, रस्ते होते, गावं होती. म्हणून डोंगराच्या पायथ्याचा पट्टाही त्याचाच मानून वागावं लागतं. फरक इतकाच की या पट्ट्यात माणसांची रोजची वहिवाट आहे आणि त्या वहिवाटीच्या वेळा प्राण्यांना ठाऊक आहेत.

आता जमिनीकडे वळू, कारण सायकलवाल्याला सगळ्यात आधी चाकाखालची जमीन कळली पाहिजे. सातपुडा इथं हळूहळू चढत नाही, एकदम उभा राहतो. डोंगराच्या पायथ्याशी खडकात मोठा विभंग आहे. उत्तरेची बाजू वर राहिली, दक्षिणेची खचली, आणि खचलेल्या खोलगटात पूर्णा नदीनं आणि तिच्या उपनद्यांनी शेकडो मीटर जाडीचा गाळ भरला. डोंगर बेसाल्टचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पावसाळ्यात डोंगरातले नाले दगडगोटे घेऊन सुसाट खाली येतात आणि पायथ्याशी उतार संपताच त्यांचा जोर ओसरतो. मग सुपात धान्य पाखडावं तशी वर्गवारी होते: मोठे धोंडे डोंगराला लागून पडतात, त्यापुढं गोटे, मग वाळू-मुरूम, आणि बारीक काळी माती दूर पूर्णेपर्यंत जाते. धोंड्या-मुरमाच्या या पट्ट्याला आमच्या खात्यात बझाडा म्हणतात.

उत्तर-दक्षिण सायकल चालवली की ही भूगर्भाची वही पानापानानं उलटत जाते. डोंगराला चिकटून असताना चाकाखाली गोल गोटे येतात, हँडल हातात नाचतं. किलोमीटर-दोन किलोमीटर खाली आलं की तांबूस-करडा, घट्ट बसलेला मुरूम लागतो आणि टायरचा आवाज एकसुरी होतो. सायकलीला याच्याइतका चांगला रस्ता नाही. आणखी खाली गेलं की काळी कसदार माती सुरू होते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात तिचा गारा होतो आणि तो चाक, फोर्क, ब्रेक सगळं लपेटून टाकतो. उतार डोळ्यांना दिसत नाही. मांड्यांना मात्र बरोबर कळतो. उत्तरेला जाताना जड जातं, दक्षिणेला येताना पायडल हलकं होतं. म्हणून मी नेहमी सांगतो, सकाळी डोंगराकडे जा, ऊन चढल्यावर खाली या.

या मुरमाला सायकलीपेक्षा मोठं काम आहे. डोंगरावरचं पाणी जमिनीत मुरतं ते याच पट्ट्यात. इथल्या विहिरी खोल, पण पाणी गोड. संत्र्याच्या बागा उभ्या राहिल्या त्या याच पाण्यावर. खाली पूर्णेकडे गेलं की खारपाणपट्टा लागतो: अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली आठशेहून अधिक गावं, जिथलं जमिनीखालचं पाणी खारट आहे. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत मूत्रपिंडाच्या आजाराची चर्चा घराघरात आहे आणि लोक बोट या पाण्याकडेच दाखवतात. वान नदीवर वारीजवळ धरण झालं, हनुमान सागर. त्याचं पाणी नळानं खालच्या गावांना जातं. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांनी तापी खोऱ्याच्या महाकाय पुनर्भरण योजनेवर सह्या केल्या. पुराचं पाणी याच बझाड्यात मुरवायचं, हा तिचा गाभा. हा पट्टा देतो तसा हिसकावतोही. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत एवढा पाऊस झाला की नाले वावरांतून वाहिले, माती खरडून गेली आणि पिकाच्या जागी गोटे उरले. सायकलवाल्याला जे छान खडबडीत दिसतं, ते कुणाच्या तरी वावराचं नुकसान असू शकतं.

ग्रॅव्हल बाइक हा प्रकार सध्या जोरात आहे. रेसच्या सायकलीसारखं वळणदार हँडल, पण टायर ३५ ते ५० मिलिमीटर रुंद, डिस्क ब्रेक, चढासाठी हलके गिअर आणि चाकाभोवती चिखलाला जागा. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया गावाच्या टेकड्यांमधून २०० मैलांची शर्यत २००६ पासून भरते. इटलीत तस्कनीच्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरची स्त्रादे बियांके २००७ पासून गाजते. ग्रॅव्हलची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इटलीतच २०२२ मध्ये झाली. हे सगळं वाचून आमच्या गावातल्या सायकल दुकानदाराला मी विचारलं, आपल्या जुन्या काळ्या सायकलीचा टायर किती रुंद? त्यानं न बघता सांगितलं, अठ्ठावीस, दीड. म्हणजे दीड इंच, सुमारे ३८ मिलिमीटर. पोस्टमन, दूधवाला, शाळामास्तर, सगळे याच रुंदीच्या टायरवर पांदणी तुडवत आले. टीआय सायकल्सची हर्क्युलिस १९४९ नंतरची, अॅटलस १९५१ ची, हिरो १९५६ ची. त्यांच्या दांडीवर बसून या जिल्ह्यातल्या दोन पिढ्या शाळेत गेल्या. फरक वजनाचा, गिअरचा आणि ब्रेकचा. जुनी सायकल वीस किलोच्या वर भरते, तिला गिअर एकच, आणि तिचे दांडीचे ब्रेक मुरमाच्या उतारावर नुसते कुरकुरतात. नवी जवळपास निम्म्या वजनाची. पण घ्यायला पैसे नसतील तर अडून बसू नका. साधी गिअरची सायकल, दीड इंची टायर आणि थोडी कमी हवा एवढ्यावर सोनाळ्याचा मुरूम सहज पार होतो. हवा मात्र दगडासारखी टणक भरू नका. टायरनं गोट्यावर जरा दबलं पाहिजे, तरच तो पकड घेतो.

मार्ग म्हणून मी तीन दिशा सांगतो. पहिली पूर्वेची, टुणकीवरून वारीच्या अंगानं. वान नदी डोंगरातून बाहेर पडते तिथं धरण आहे, वारीचा हनुमान आहे, शनिवारी गर्दी असते. ती टाळायची असेल तर मधला वार पकडा. दुसरी उत्तरेची, वसाळीच्या बाजूनं जंगलाच्या कडेपर्यंत. इथं कोरकू, भिल्ल, भिलाला समाजाच्या वस्त्या आहेत. कुडाच्या भिंती, अंगणात शेळ्या, कडेला मोहाची झाडं. वन विभागाची पाटी किंवा फाटक दिसलं की तिथंच वळायचं, पाटीपुढचा रस्ता कितीही मोहक दिसला तरी. तिसरी पश्चिमेची, जामोदच्या दिशेनं, डोंगराला समांतर. यात नाले फार आडवे येतात, बहुतेक हिवाळ्यात कोरडे, आणि प्रत्येक नाल्यात उतरून पुन्हा चढायचं असतं. दमवणारी हीच, आणि माझ्या आवडीचीही हीच.

या तिन्ही दिशांना अकोट-हिवरखेड-सोनाळा-जळगाव जामोद हा मोठा रस्ता जवळून जातो. त्यावर एसटी आहे, ट्रक आहेत, संत्र्याच्या गाड्या आहेत. त्याच्यापासून सुटायचं तर पांदण पकडावी लागते. ती मोबाइलच्या नकाशावर बहुतेक दिसत नाही; दिसते ती गावनकाशावर. तिथं गावाहून गावाला जाणारे ग्रामीण रस्ते आणि शेताचे गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवलेले असतात, पायमार्ग एका तुटक रेषेनं. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट, गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस. हे आकडे मोजणीच्या साखळीतून आले आहेत. तेहेतीस फुटांची साखळी, तिचं निम्मं साडेसोळा, त्याचं निम्मं सव्वाआठ. गुंठाही तेहेतीस बाय तेहेतीस फुटांचाच. म्हणजे बैलगाडीसाठी काढलेली वाट आजही कागदावर शाबूत आहे. जमिनीवर मात्र दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी तिला दरवर्षी थोडं थोडं नांगरून कोरलेलं असतं.

कधी यावं? पावसाळ्यात नको. कापसाची वेचणी सुरू झाली की पांदणी तुडवल्या जाऊन घट्ट होतात. तिथून पुढं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, चांगला काळ. मार्चपासून मोहाची फुलं पडू लागतात. पहाटे बायका-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात आणि अस्वलही त्याच फुलांसाठी येतं. सातपुड्यात माणूस वाघापेक्षा अस्वलाला जास्त भितो, आणि त्याला कारण आहे. ते दचकलं की अंगावर येतं. मे महिन्यात तेंदूपानाचा हंगाम, ऊन भाजून काढणारं. सूर्य चांगला वर आल्याशिवाय निघू नका आणि मावळायच्या आत गावात या. रात्री तर अजिबात नको, आणि कारण फक्त जनावरांचं नाही. रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त होतं म्हणून शेतकरी कुंपणाला झटका मशीन लावतात, आणि कुठं कुठं थेट वीज सोडलेली असते. अंधारात सायकल वळवताना अशा तारेला टेकलं तर पुढचं सांगायला नको.

काट्यांचं म्हणाल तर बाभूळ आणि सराटा दोन्ही भरपूर. ट्यूब नसलेला, आत द्रव भरलेला टायर असेल तर बारीक काटा आपोआप बुजतो. साध्या ट्यूबवाल्यानं दोन जादा ट्यूब, पंप आणि पॅच बाळगावे. पाणी भरून घ्या. विहीर दिसली म्हणून पाणी मिळेलच असं नाही, मे महिन्यात तर मी स्वतः कित्येक विहिरींत टेप तळाला टेकवून आलो आहे. वावरात कुणी असेल तर थांबून रामराम करा. "काहून बापू, गाडी बंद पडली का?" हा पहिला प्रश्न येणार. एवढी महाग सायकल घेऊन माणूस हौसेनं इथं आला, हे पटायला वेळ लागतो. पटलं की संत्रं हातात येतं. त्याचे पैसे विचारले तर राग येईल. परत जाताना त्याच्याच कट्ट्यावरून दोन-चार किलो विकत घ्या, ते बरोबर. ट्रॅक्टर समोरून आला तर तुम्ही धुऱ्यावर चढा. त्याला मागं येता येत नाही, तुम्हाला येतं.

सायकलवाल्यांना आणखी एका रस्त्याची भुरळ पडते, तो म्हणजे जुनी मीटरगेज. खंडवा ते अकोला ही लाइन वान अभयारण्यातून, धूळघाटच्या चढातून जायची. तिथं चढ साधण्यासाठी रूळ वेटोळं घालून स्वतःच्याच खालून गेला होता. रुंदीकरणासाठी २०१७ च्या सुरुवातीला अकोला-अकोट वाहतूक थांबली, तो भाग २०२२ च्या अखेरीस ब्रॉडगेज होऊन सुरूही झाला. पण अकोट ते आमला खुर्द हा जंगलातला भाग अडून राहिला. त्यातले सुमारे ३९ किलोमीटर व्याघ्र प्रकल्पातून जातात. २०२१ मध्ये राज्य सरकारनं रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून मार्ग जंगलाबाहेरून न्यावा असं सांगितलं. सुचवलेला मार्ग हिवरखेड, सोनाळा, जामोद असा, म्हणजे आमच्या दारातून. स्पेनमध्ये बंद पडलेल्या रेल्वेच्या जागी १९९३ पासून सायकलवाटा झाल्या. न्यूझीलंडच्या ओटागो भागात दीडशे किलोमीटरची तशी वाट २००० मध्ये खुली झाली आणि तिनं ओस पडत चाललेली गावं जगवली. मग इथं का नाही, असं तरुण मंडळी विचारतात. माझं मत विरुद्ध आहे. त्या जंगलातून कितीतरी गावं दुसरीकडे वसवली गेली, ती जागा वाघाला मोकळी मिळावी म्हणून. खुद्द अंबाबरवा गावही उठलं. ज्या जंगलासाठी माणसांनी घरं सोडली, तिथल्या वाटेवर आपण सहलीला जायचं, हे मला पटत नाही. वेटोळं बघायचं असेल तर जुने फोटो आहेत.

शेवटी खरा वाद, तो मुरमाचा. सायकलवाल्याला पांदण आहे तशीच हवी असते. डांबर नको, सिमेंट तर नकोच. शेतकऱ्याला पावसाळ्यात खत न्यायचं असतं, आजारी म्हातारीला वावरातल्या घरातून दवाखान्यात आणायचं असतं. तो म्हणतो, काहीही टाका, पण रस्ता द्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली ती याच मागणीतून. अतिक्रमण निघावं म्हणून तहसीलदाराकडे १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचं कलम ५ आहे, आणि जिथं वाटच नाही तिथं बांधावरून वाट देण्यासाठी जमीन महसूल संहितेचं कलम १४३. तहसीलच्या पायऱ्यांवर अशी प्रकरणं घेऊन बसलेली माणसं मी कायम बघतो.

मला विचाराल तर दोघांचं भलं करणारा रस्ता एकच आहे: दोन्हीकडे चर खोदलेला, मधोमध थोडा उंच केलेला आणि रोलरनं दाबलेला मुरमाचा रस्ता. पाणी चरात जातं, गारा होत नाही, ट्रॅक्टर फसत नाही. दर दोन-तीन वर्षांनी त्यावर थोडा मुरूम टाकावा लागतो, आणि गाडं अडतं ते तिथंच. बांधायला पैसा मिळतो, राखायला मिळत नाही. सिमेंट त्याच पांदणीवर ओतलं तर काठाच्या विहिरीकडे जाणारं पाणीही वळतं, हे मी टेप घेऊन बघितलेलं आहे. पण पुढच्या वर्षी माझ्या आवडीची पांदण सिमेंटची झाली आणि तिच्यावरून एखाद्याचा कापूस वेळेत घरी आला, तर मी तक्रार करणार नाही. मी दुसरी पांदण शोधीन. या रस्त्यावर पहिला हक्क ज्याचं वावर त्याच्या काठाला आहे त्याचा, दुसरा रात्री जो आवाज न करता तो ओलांडतो त्या प्राण्याचा. सायकलवाल्याचा तिसरा, आणि तिसऱ्या नंबरवर राहूनही सोनाळ्यात सायकल चालवण्याचं सुख पुरेसं मिळतं.